नवी बॅटरी टाकली तरी सेल्फ मारला की नुसतं 'टक्' : कुणी नीट निदान सांगेल का?

वेण्णाकाठ
४ जुलै, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते, मेढ्याकडच्या एका गावात शाळेवर आहे. रोज गाडीनेच जाणं-येणं. गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, हाताच्या गिअरची, लाखाच्या वर चाललेली. आजवर एकदाही रस्त्यात उभी राहिली नव्हती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी किल्ली फिरवली की बोनेटखालून एकच 'टक्' असा आवाज येतो आणि पुढे काहीच नाही. पाच-सहा वेळा किल्ली फिरवली की अचानक सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) घेतो आणि गाडी चालू होते, जणू काही झालंच नव्हतं. २८ जूनला संध्याकाळी शाळेसमोर धो धो पावसात अजिबात घेतलं नाही. एका सहकाऱ्याने त्यांच्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर केबल लावली तर पहिल्याच झटक्यात सुरू. गॅरेजवाले म्हणाले बॅटरी गेली. चार वर्षांची होती, मलाही पटलं. नवी टाकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा 'टक्'. मग म्हणाले सेल्फचे कार्बन (आतल्या मोटरला करंट देणारे ब्रश) झिजलेत. सेल्फ उतरवून कार्बन बदलले. दोन दिवस बरी चालली, आज सकाळी पुन्हा तेच. आता म्हणतात अख्खा सेल्फ नवा टाका, आणि त्यानेही नाही झालं तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बघावा लागेल.

पैशाचं दुःख आहेच, पण त्याहून मोठी काळजी म्हणजे सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. सकाळी सहाला गाडी सुरू झाली नाही तर पावसात रिक्षा शोधत फिरावं लागतं. अंदाजाने आणखी काही बदलायच्या आधी दोष नेमका कुठे आहे ते मला कळायला हवं. कुठून सुरुवात करू?


गोडोलीकर
४ जुलै, रात्री ९:४५

ताई, इमोबिलायझर (चोरी टाळायला किल्ली ओळखणारी यंत्रणा) नक्की नाही. किल्ली ओळखली नाही तर डॅशबोर्डवरचा किल्लीचा दिवा लुकलुकत राहतो, आणि बऱ्याच गाड्यांत सेल्फ तर फिरतो पण इंजिन पकडत नाही. काही गाड्यांत क्लचच्या पेडलखाली एक स्विच असतो, पेडल पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाही. पण तो गेला तर 'टक्'सुद्धा येणार नाही. 'टक्' येतंय याचा अर्थ किल्ली, रिले, स्विच यांचं काम होतंय आणि हुकूम सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत (सेल्फला मोठा करंट जोडणारा चुंबकी स्विच) पोचतोय. अडलंय ते त्यापुढे. ईसीएमचा यात काही संबंध मला दिसत नाही, त्यावर खर्च करू नका.


शंभरफुटी
४ जुलै, रात्री १०:३०

मी सांगलीत शंभर फुटी रोडला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, सतरा वर्षं झाली. गिऱ्हाईक फोनवर 'गाडी चालू होत नाही' एवढंच सांगतं. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सेल्फ फिरतोय की नाही? फिरत असेल आणि इंजिन पकडत नसेल तर पेट्रोल, स्पार्क, सेन्सर यांच्याकडे जायचं. फिरतच नसेल तर तिकडे बघायचंसुद्धा नाही. मग विषय फक्त बॅटरीतून सेल्फपर्यंत जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटचा. तुमचं दुसऱ्या जातीचं आहे.

उद्या अंधार असताना एवढं करा. हेडलाइट लावा, गाडी भिंतीकडे तोंड करून उभी असू दे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. कुणाला तरी भिंतीवरच्या उजेडाकडे बघायला सांगा आणि किल्ली फिरवा. 'टक्' होताना उजेड एकदम विझल्यासारखा झाला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा बॅटरीचं टर्मिनल सैल आहे. उजेड जसाच्या तसा राहिला तर बॅटरीतून मोठा करंट निघालाच नाही, वाट कुठेतरी तुंबली आहे. सेल्फ सव्वाशे-दीडशे अँपिअर ओढतो. एवढा करंट निघाला की हेडलाइटला कळल्याशिवाय राहत नाही.


उसाचा फड
५ जुलै, सकाळी ७:०५

वाळवा तालुक्यातनं लिहितोय. धागा ताईंचा हाय, पण माझाबी प्रश्न ह्यातच विचारतो. माझी डिझेल पिकअप आठ दिवस शेडात हुती. पाऊस म्हणून काढली न्हाई. काल सेल्फ मारला तर जोरात फिरतोय, पण इंजिन काय पकडत न्हाई. बॅटरी उतरंस्तोवर मारला. धक्का स्टार्ट करू का?


शंभरफुटी
५ जुलै, सकाळी ७:५०

फडवाले दादा, धक्का मारू नका. सेल्फ फिरतोय म्हणजे इंजिन फिरतंयच, धक्का मारून वेगळं काय होणार? धक्का उपयोगी फक्त सेल्फ किंवा बॅटरी मेली असेल तेव्हा.

आता बॅटरी चार्ज करून घ्या आणि सेल्फ मारताना मागे सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. पांढरा धूर येतोय का? येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण जळत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. दुसरं म्हणजे सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा जरा तरी हलतो का ते बघा. काटा मेल्यासारखा पडून राहत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा) किंवा त्याची वायर गेली. आणि सगळ्यात आधी बोनेट उघडून नाकाने आणि डोळ्यांनी बघा. पावसाने बिळात पाणी शिरलं की उंदीर कोरडी जागा शोधतात, आणि आठ दिवस न हललेल्या गाडीचं इंजिन म्हणजे त्यांना तयार घर. माझ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या अशा गाड्यांत कुरतडलेल्या वायरी आणि रबरी नळ्या हमखास सापडतात.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर एक दुखणं शोधता शोधता सेल्फ जाळून बसाल.


आयर्विन
५ जुलै, सकाळी ९:१५

पावसाचे दिवस आहेत म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या गल्लीतल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर माझ्या चुलत भावाने आनंदाने बॅटरी जोडली आणि सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला आणि अख्खं इंजिन उतरवावं लागलं. शेजाऱ्याने किल्लीला हातच लावला नाही, प्लग काढून पाणी बाहेर काढून घेतलं, ऑइल बदललं, त्याचं इंजिन वाचलं.

पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर 'सुरू होते का बघू' हे करूच नका. ताई, तुमच्या गाडीत पाणी शिरलं नव्हतं ना?


वेण्णाकाठ
५ जुलै, रात्री ८:२०

नाही दादा, गाडी पाण्यात कधीच उभी नव्हती. घरासमोर उघड्यावर असते एवढंच.

शंभरफुटीदादांनी सांगितलेली परीक्षा आज पहाटे केली. माझा मुलगा भिंतीकडे बघत होता. चार वेळा 'टक्' झालं आणि चारही वेळा तो म्हणाला, उजेड अजिबात कमी झाला नाही. पाचव्यांदा सेल्फ फिरला तेव्हा मात्र उजेड खाली गेला. म्हणजे बॅटरी चांगली आहे असंच ना? मग जंपर लावल्यावर पहिल्या झटक्यात का सुरू झाली? ते मला काही केल्या सुटत नाही.


शंभरफुटी
५ जुलै, रात्री ९:००

बॅटरी चांगली. आता जागा तीनच उरल्या: सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट, बॅटरीच्या प्लसपासून सेल्फपर्यंतची जाड केबल, आणि इंजिनाचं अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी जोडणी. कॉन्टॅक्ट झिजले तरी उजेड असाच राहतो आणि असंच 'टक्' होतं, त्यामुळे सेल्फ अजून निर्दोष म्हणता येत नाही. पण जंपरने का सुरू झाली हे मलाही खटकतंय. कॉन्टॅक्ट खराब असते तर जंपरने फरक पडायला नको होता.


कऱ्हाड वर्कशॉप
५ जुलै, रात्री ९:४०

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होतो, आता निवृत्त होऊन कऱ्हाडला असतो. बाई, तुम्ही सगळं तारखेसकट लिहिलंत म्हणून विचारता येतंय. दोन प्रश्न आहेत, आठवून सांगा.

एक, २८ तारखेला जंपर लावला तेव्हा काळा चिमटा तुमच्या गाडीत कुठे लावला होता? बॅटरीच्या मायनसवर, की दुसरीकडे?

दोन, जूनच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, गाडीचं गिअरबॉक्स किंवा क्लचचं काही काम झालं होतं का?


वेण्णाकाठ
५ जुलै, रात्री १०:०५

काका, माझ्या अंगावर काटा आला. मे महिन्यात सुट्टीत क्लच प्लेट बदलली होती! गिअरबॉक्स उतरवावा लागला होता. त्याचा आणि याचा काही संबंध असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

आणि चिमट्याचं सहकाऱ्याला फोन करून विचारलं. ते म्हणाले, काळा चिमटा बॅटरीवर लावायचा नसतो, ठिणगी उडते, म्हणून त्यांनी तो इंजिन उचलायचा जो लोखंडी हुक असतो त्याला लावला होता.


कऱ्हाड वर्कशॉप
५ जुलै, रात्री १०:५०

तुमच्या सहकाऱ्यांनी बरोबर पद्धतीने लावला होता, आणि त्यांच्या त्या बरोबर पद्धतीनेच सगळ्यांना चकवलं. सविस्तर सांगतो.

सेल्फला प्लसची एक जाड केबल येते. मायनसची वेगळी केबल त्याला नसते. सेल्फचं अंग गिअरबॉक्सच्या घराला बोल्टने आवळलेलं असतं, तेच त्याचं मायनस. पण इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या बॉडीवर थेट बसत नाहीत. ते रबरी माउंटिंगवर बसतात आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला एक केबल, आणि बॉडीपासून गिअरबॉक्सला तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी. काही गाड्यांत बॅटरीपासून एकच केबल दोन्हीकडे जाते. सेल्फचा सगळा करंट परत येतो तो ह्या एका पट्टीतून. तिचं एक टोक गिअरबॉक्सच्या बोल्टखाली असतं. गिअरबॉक्स उतरवताना ते सोडावंच लागतं. परत लावताना खाली माती, ऑइल, रंग राहिला किंवा बोल्ट हातानेच आवळला, तर उन्हाळ्यात काही कळत नाही. पाऊस लागला, ओल गेली, गंज धरला की करंट अडतो. तुमचा त्रास जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला. आपल्याकडे पाऊस लागतो तो तेव्हाच.

आता जंपरचं. काळा चिमटा इंजिनाच्या हुकाला लावला, म्हणजे सेल्फला मायनस थेट दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून मिळालं. खराब पट्टी वाटेतून बाजूलाच पडली. गाडी चालू झाली आणि सगळ्यांनी दोष दिला बॅटरीला. काळा चिमटा बॅटरीच्या मायनसवर लावला असता तर गाडीने तेव्हाही 'टक्' केलं असतं आणि खरं दुखणं त्याच दिवशी कळलं असतं. हेडलाइटचं मायनस बॉडीवर असतं, इंजिनावर नाही. म्हणून तुमचा उजेड हलला नाही.

खात्री मात्र मोजून करा, माझ्या शब्दावर जाऊ नका. जंपरची एकच केबल घ्या. एक चिमटा बॅटरीच्या मायनसवर, दुसरा इंजिनाच्या त्याच हुकावर, नुसत्या लोखंडावर, रंगावर नको. दुसरी गाडी नको. गाडी 'टक्' करत असताना हे लावा आणि किल्ली फिरवा. घेतली तर दोष अर्थिंगचा. मीटर मिळाला तर तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरं इंजिनावर, आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. त्यापेक्षा जास्त जितका दिसेल तितका व्होल्टेज सेल्फला न मिळता पट्टीत वाया जातोय. ओढणी, पदर, केस पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवा.


गोडोलीकर
५ जुलै, रात्री ११:२०

काका, मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, म्हणून शंका विचारतो. अर्थिंग इतकं खराब असेल तर गाडी चालू झाल्यावर नीट कशी चालते? आणि कार्बन बदलल्यावर दोन दिवस बरी का झाली?


कऱ्हाड वर्कशॉप
६ जुलै, सकाळी ६:१५

दोन्ही शंका रास्त आहेत. चालू गाडीला लागतो वीस-तीस अँपिअर, सेल्फला लागतो त्याच्या पाच-सहा पट. गंजलेल्या सांध्यातून थोडा करंट सरकतो, मोठा अडतो. अल्टरनेटर इंजिनावरच आहे, त्यामुळे बॅटरी चार्ज होते, पण थोडी कमी. मीटर लावाल तेव्हा चालू गाडीत बॅटरीवर १४च्या आत काहीतरी दिसेल.

कार्बनचं म्हणाल तर सेल्फ काढताना-घालताना शेजारची पट्टी हलली असणार. गंजलेला सांधा हलला की दोन दिवस पकडतो.

अजून एक. इंजिनाला मायनस मिळालं नाही की करंट दुसरी वाट शोधतो, आणि पहिली सापडते ती क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल. तारेतून करंट गेला की ती तापते, आतलं प्लॅस्टिक वितळतं. बाई, क्लच जड झालाय का हल्ली?


वेण्णाकाठ
६ जुलै, रात्री ९:३०

हो काका! नवी प्लेट असून क्लच जड लागतो, म्हणून गेल्या आठवड्यातच मी तक्रार केली होती. 'नवीन आहे, मोकळा होईल' असं उत्तर मिळालं होतं.

आज रविवार, म्हणून सगळं मोजलं. मीटर मुलाच्या कॉलेजच्या किटमधला. गाडी बंद असताना बॅटरी १२.५. किल्ली फिरवून 'टक्' झालं तेव्हा बॅटरीच्या दोन खुंट्यांवर १२.२. आणि मायनसची खुंटी ते इंजिन... ६.४! तीनदा बघितलं. मग केबलचा एक चिमटा मायनसवर, एक हुकावर. किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. बंद केली, पुन्हा सुरू केली, असं सहा वेळा. केबल काढली की पुन्हा 'टक्'. मला रडूच आलं, खरं सांगते. एक महिना आम्ही सकाळी देवाला हात जोडून किल्ली फिरवत होतो.


शंभरफुटी
६ जुलै, रात्री ९:५०

१२.२ पैकी ६.४ पट्टीतच गेले. सेल्फला सहासुद्धा मिळत नाहीत, तो बिचारा काय फिरणार! काका, मी जंपरच्या चिमट्याची जागा कधी विचारत नव्हतो. आता माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारीन.

ताई, काम करताना आधी बॅटरीचं मायनस सोडा, मगच पट्टीला हात. दोन्ही टोकांखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावा. पट्टी जुनी असेल तर नवीच टाका, बॅटरीच्या मानाने ती फुकटच म्हणायची. आणि प्लसच्या बाजूलाही एकदा मोजून घ्या: बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत, सेल्फ मारताना, अर्ध्या व्होल्टच्या आत हवं.


उसाचा फड
७ जुलै, सकाळी ८:१०

माझं झालं. धूर अजिबात न्हवता. डिझेल वर खेचायचा हातपंप दाबला तर भुसभुशीत लागत हुता, घट्टच होईना. फिल्टरच्या मागं डिझेलच्या रबरी नळीला उंदरानं दात लावल्यालं, तिथनं हवा ओढत हुती. नळी आन् दोन क्लिपा बदलल्या, हातपंपानं हवा काढली, दुसऱ्या सेल्फला पकडली. शंभरफुटीदादा, लई उपकार. बाजारात माल न्यायचा हुता, वेळेत गेला.


वेण्णाकाठ
८ जुलै, रात्री ८:४५

काल गॅरेजमध्ये गेले. भांडायला नाही, मीटर आणि कागदावर लिहिलेले आकडे घेऊन. तिथल्या तरुण फिटरने खाली जाऊन पट्टी काढली. गिअरबॉक्सच्या बोल्टखाली वाळलेल्या चिखलाचा थर, त्यावर हिरवी-पांढरी भुकटी, आणि निम्म्या तारा तुटलेल्या. त्याने स्वतःच मान्य केलं की मेमध्ये घाईत घासून लावायची राहिली होती. नवी पट्टी अडीचशे रुपयांची, मजुरी त्याने घेतली नाही.

आता मायनस ते इंजिन सेल्फ मारताना ०.१. प्लसच्या बाजूला ०.३. चालू गाडीत बॅटरीवर आधी १३.५ येत होते, आता १४.२. फिटरने सगळे आकडे लिहून घेतले आणि मला विचारलं की मीटर कुठला घेऊ. मी मुलाच्या मीटरचा फोटो पाठवला.

आज पहाटे पावणेसहाला सासूबाईंना घेऊन निघालो. मुसळधार पाऊस होता. किल्ली फिरवली, लगेच सुरू. त्या मागून म्हणाल्या, 'आज टक् नाही गं झालं.'


कऱ्हाड वर्कशॉप
८ जुलै, रात्री ९:२०

छान झालं बाई. क्लचची केबल मात्र बदलून घ्या, आतून वितळलेली आहे, ती कधी तुटेल सांगता येत नाही. ती शाळेच्या वाटेवर कण्हेरच्या पुढे पावसात तुटायला नको. जुनी केबल काढली की वाकवून बघा, जिथे तापली असेल तिथे अडकेल. आणि महिन्याभराने, पाऊस भरात असताना, पट्टीवर पुन्हा एकदा मोजा.


वेण्णाकाठ
८ जुलै, रात्री ९:३५

रविवारी बदलते, काका. ऑगस्टचा आकडा इथेच लिहीन.